दोननंतर चार

"बसा," प्रोफेसर आविला म्हणाले, "आणि मला सावकाश सांगा. तुम्ही असं का केलंत?"

ते रागावले नव्हते. सकाळी गोठ्यात गेल्यावर गायींच्या रांगेत एक उंट बांधलेला दिसला, तर माणूस ज्या आवाजात चौकशी करेल, तसा त्यांचा आवाज होता. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर माझे वर्षभराचे मार्क होते. मार्क चांगले होते, त्यामुळे काय चुकलं ते मला कळेना.

"काय केलं, सर?"

"फिजिक्स दोनचे दोन्ही भाग तुम्ही पुरे केलेत. दोन्हींत ए. आणि आता फिजिक्स चारला नाव घातलंय."

"हो."

"का?"

"दोन झालं म्हणून."

मग त्यांनी विचारलं, "आणि तीनचं काय?"

"तीन तुमच्या कॉलेजात नाही. मी शोधलं. मला वाटलं, गाळलं असेल. इथल्या हॉटेलांत नाही का, तेरा अशुभ म्हणून बारानंतर एकदम चौदावा मजला येतो?"

आविलांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. हसू दाबण्याची त्यांची ती पद्धत होती, हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटलं, काचांवर खरंच काहीतरी पडलंय.

"हे आकडे म्हणजे इयत्ता नाहीत, हेमलाटा," ते म्हणाले. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. "दोन आणि चार ही दोन वेगळी फिजिक्स आहेत. दोन हे नर्सिंगला, फार्मसीला जाणाऱ्यांसाठी. त्यात कॅल्क्युलस लागत नाही. चार हे ज्यांना फिजिक्सच करायचंय त्यांच्यासाठी. युनिव्हर्सिटीला चारच हवं असतं. दोन केलं काय न केलं काय, त्यांच्या लेखी सारखंच. पहिल्या दिवसापासून चार घ्यायचं असतं."

"म्हणजे माझं वर्ष?"

"कॅल्क्युलसचे दोन पेपर झालेत ते उपयोगी पडतील," ते म्हणाले. बाकीचं मलाच समजलं.

मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. संगमनेरजवळच्या गावातून बारावी सायन्स केलेली, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना लग्न झालेली. माझे यजमान उत्तमराव तिकडे दूध संघात होते. तिथून कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यातल्या एका दूध पावडरीच्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली. आम्ही राहायचो ते गाव आपल्यासारखंच, ऊन, धुरळा आणि जनावरांचा वास. अमेरिकेत आल्याचं पहिली दोन वर्षं मला पटतच नव्हतं. गावात एक कम्युनिटी कॉलेज होतं. तिथे कुणालाही प्रवेश मिळतो, वय विचारत नाहीत. पहिली दोन वर्षं तिथे शिकायचं आणि उरलेली दोन मोठ्या युनिव्हर्सिटीत जाऊन पुरी करायची. या जाण्याला ट्रान्स्फर म्हणतात. केतकी तिसरीत गेली, तेव्हा मी नाव घातलं.

घरात ठरलं होतं ते असं, की दोन वर्षं यजमानांनी पहाटेची पाळी घ्यायची. म्हणजे केतकी शाळेतून यायच्या वेळेला ते घरी असतील आणि मला दुपारचे वर्गही करता येतील. दोन वर्षांनी मी युनिव्हर्सिटीत आणि ते पुन्हा दिवसाच्या पाळीवर. पहाटेची पाळी म्हणजे काय ते रोज त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. माणूस जेवताना झोपायचा.

आणि मी बाई, आकडे बघून इयत्ता समजून, एक वर्ष दुसऱ्याच फिजिक्सला वाहून बसले होते. कुणाला विचारलं का नाही? आपल्याकडे दोनच्या पुढे काय येतं हे कुणी विचारतं का?

आविला उठले आणि फळ्याकडे गेले. त्यांनी खडूने रकाने आखले. "हे बघा. या सेमिस्टरला चारचा पहिला भाग, त्याबरोबर कॅल्क्युलस तीन. वसंतात दुसरा भाग आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. पुढच्या शरदात तिसरा भाग, आणि तेव्हाच युनिव्हर्सिटीचे अर्ज. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही तिकडे."

"म्हणजे एक वर्ष जास्त."

"एक वर्ष जास्त."

"आणि आत्ता नाही घेतलं तर?"

"चारचा पहिला भाग वर्षातून एकदाच असतो, ऑगस्टमध्ये. लहान कॉलेज आहे, शिकवायला मी एकटा. मग दोन वर्षं जास्त." त्यांनी खडू ठेवला. "वर्ग भरलाय. प्रयोगशाळेत जेवढ्या जागा तेवढीच मुलं. पण एक जण सोडून गेलाय आणि प्रतीक्षा यादीत तुमचं नाव पहिलं आहे. सोमवारी पहिला वर्ग आहे. हजर राहा, जागा तुमची. पण मला एक सांगा. फिजिक्सच का?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घरचे म्हणायचे, शिकतेय ना, शिकू दे. मग जे डोक्यात होतं तेच बोलले.

"आमच्या इथे बागेत झोके आहेत. माझी मुलगी बसली काय आणि शेजारचा जाडा डॅनी बसला काय, झोका जाऊन परत यायला तेवढाच वेळ लागतो."

"पुस्तकात आहे ते."

"पुस्तकात आहे, पण खरं आहे का ते मी बघितलं. रोज संध्याकाळी बघते. आणि पोरगी झोक्यावर उभी राहिली, की झोका लवकर परत येतो. ते का, ते मला कळलेलं नाही."

आविलांनी पुन्हा चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. "हे तुम्ही तपासलंत," ते म्हणाले, "आणि दोननंतर चार येतं हे मात्र तपासलं नाहीत."

"नाही, सर."

"उभं राहिल्यावर का, ते फिजिक्स चारमध्ये आहे. नाताळच्या आधी शिकवतो."

त्यांच्या खोलीतून बाहेर पडले, तेव्हा मला रडायचं होतं आणि नाचायचंही होतं. कॉलेजच्या पार्किंगमध्ये असं काहीच करता येत नाही, म्हणून मी गाडी चालवत घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या सल्लागार बाईंकडे गेले. मिसेस ब्रिग्ज फार गोड बाई. त्यांनी माझी हकिगत ऐकली आणि हळहळल्या. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, पण फिजिक्स दोन फुकट गेलेलं नाही. एक्स-रे टेक्निशियनच्या कोर्सला तेच लागतं. दोन वर्षांचा कोर्स, इथेच, आणि हॉस्पिटलं अशा माणसांची वाट बघत असतात. सोमवारी सकाळी माहितीची बैठक आहे."

मला ते इतकं सरळ वाटलं, की हायसं झालं. चुकलेलं वर्ष जिथे बरोबर ठरतं, अशी वाट समोर होती. तीत यजमानांची पहाट एका दिवसानेही वाढत नव्हती. फक्त झोक्यावर उभं राहिलं तर काय होतं, ते तिथे कुणी शिकवणार नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, ते न कळल्याने कुणी मेलेलं नाही.

त्या दिवसांत माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. ठसठशीत बाई, नऊवारी नेसून आमच्या सोसायटीत फिरायच्या आणि शेजारणींशी मराठीत बोलायच्या. शेजारणी इंग्रजीत उत्तरं द्यायच्या, दोन्हीकडे समाधान असायचं. घरात त्यांची शिस्त होती आणि त्यातलं मुख्य कलम दाराशी असायचं.

शुक्रवारी सकाळी तेच झालं. शाळेची बस कोपऱ्यावर आली होती. केतकी दप्तर पाठीला लावून पळत सुटली. "आजी, बाय, मी जाते."

"इकडं ये आधी," आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. "काय म्हणायचं?"

"आजी, बस!"

"बस ऱ्हाईल उभी. जाते म्हणायचं नाही. येते म्हणावं."

"पण मी खरंच जातेय."

"तरी बी येते म्हणायचं."

"येते," केतकी कशीबशी म्हणाली.

"ये," आत्याबाई म्हणाल्या, आणि मगच पोर सुटली. बसवाला रोजच थांबायचा. त्याला वाटत असावं, हा कसला तरी धार्मिक विधी आहे.

मलाही त्यांनी कधी सूट दिली नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून शेतात जाताना, बाजारात जाताना, माहेरी जाताना मी येते म्हणत आलेय. पुढे ते तोंडात इतकं बसलं, की न म्हणता उंबरा ओलांडलाच जायचा नाही.

त्याच दुपारी मी आविलांकडे गेले. नाही म्हणून सांगायचं, एवढंच काम होतं. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. सर, माझं नाव यादीतून काढा. आठवीतल्या पोरीलाही जमेल असं वाक्य. पण खोलीत शिरले तर फळ्यावर माझे रकाने तसेच होते. कुणी पुसू नये म्हणून त्यांनी वर कोपऱ्यात तसं लिहून ठेवलं होतं. त्या फळ्यासमोर बसून मला ते वाक्य म्हणवेना.

"मग, काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"बघते, सर. घरी थोडं अवघड आहे. यजमान पहाटे कामाला जातात."

"दुधाच्या कारखान्यात ना? माझे वडील गायी पाळायचे. पहाटेचं मला सांगू नका." ते खुर्चीत पुढे झुकले. "घरच्यांशी बोललात?"

"हो," मी खोटंच म्हटलं. मी कुणाशीच बोलले नव्हते. बोलले असते तर यजमान म्हणाले असते, काढू की अजून एक वर्ष, आणि ते ऐकायचीच मला भीती वाटत होती.

"हे बघा, मी आग्रह करणार नाही," आविला म्हणाले. "आयुष्य तुमचं आहे. पण यादीत तुमच्यामागे आणखी मुलं आहेत. त्यांना काय ते सांगावं लागतं. म्हणून साफ विचारतो."

साफ नाही म्हणणं मला तेव्हा जमत नसे. आपल्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. बघते म्हटलं की ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. मला वाटलं, मी बघते म्हटलंय, घरी अवघड आहे म्हटलंय, म्हणजे समजलं असेल. मी उठले, पर्स खांद्याला लावली. डोळ्यांत पाणी यायच्या आत बाहेर पडायचं होतं. दाराशी पोहोचले आणि सवयीने मागे वळून म्हटलं, "आय कम, सर."

त्यांचा चेहरा खुलला. "गुड," ते म्हणाले. "कम."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण येते म्हणतो, समोरचा या म्हणतो. परक्या देशातल्या माणसाने किती नीट निरोप दिला, असंच मनात आलं, आणि मी जिना उतरेपर्यंत खरोखरच रडले.

रविवारी संध्याकाळी मी यजमानांना सांगितलं, की एक्स-रेचा कोर्स करायचं म्हणतेय.

"एकदम?" ते म्हणाले. "फिजिक्सचं काय झालं?"

"हे लवकर होतं. नोकरी पण गावातच."

त्यांनी ताट पुढे सारलं. "तुला पाहिजे ते कर," म्हणाले. त्यांनी हरकत घेतली असती, तर मी कदाचित भांडले असते आणि भांडता भांडता खरं बोलले असते. पण त्यांना झोप आली होती.

सोमवारी सकाळी मी एक्स-रेच्या बैठकीला गेले. सगळं व्यवस्थित सांगितलं त्यांनी. एका बाईने पडद्यावर मोडलेल्या मनगटाचा फोटो दाखवला. शेजारच्या इमारतीत त्याच वेळेला फिजिक्स चारचा पहिला वर्ग चालू होता. खिडकीतून ती इमारत दिसत होती, म्हणून मी खुर्ची बदलून पाठ करून बसले.

दुपारी चारच्या सुमारास घरचा फोन वाजला. मी स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होते, हात पिठाचे. केतकीने फोन घेतला. थोडा वेळ हो-हो केलं आणि मग फोन छातीशी धरून ओरडली, "आई, एक माणूस आहे. मिस्टर आविला. तो विचारतोय, तू बरी आहेस का?"

"मला काय झालंय?"

"तो म्हणतो, तू येते म्हणालीस आणि आली नाहीस. त्याला वाटलं, गाडीचा ॲक्सिडेंट वगैरे झाला."

माझ्या हातातला गोळा तसाच राहिला. मला सगळं एकदम समजलं, पण फार उशिरा.

"कोण काय म्हंतं?" आत्याबाई बाहेरच्या खोलीतून आत आल्या.

"कॉलेजचे मास्तर," मी म्हटलं. "मी त्यांना येते म्हणाले होते. म्हणजे, निघताना म्हणतात ते येते. त्यांना वाटलं, वर्गात येते. पण मी तिकडे जाणारच नव्हते, आत्याबाई."

"येते म्हणली व्हती ना?"

"म्हणाले, पण ते..."

"मंग?"

"मग काय? ते नुसतं म्हणायचं असतं."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या देवघरातली मूर्ती विकून आले होते. "नुसतं म्हणायचं असतं? उत्तम इकडं निघाला तव्हा जीपमधी बसून 'जातो, आई' म्हणला. मी जीप थांबिवली. खाली उतरीवला त्याला. साऱ्या गावाम्होरं येतो म्हणायला लावलं, तव्हा जाऊ दिला. ते काय त्याच्यासाठी? जाणारा जातोच, त्याला काय. मागं जे ऱ्हातं ना, त्याला वाट बघायला काय तरी लागतं. येतो म्हणला म्हणून मी वाट बघितली आन् म्हणून त्यो दर दोन वर्सांनी आला. तू त्या मास्तरला येते म्हणली. त्यो बिचारा वाट बघत बसलाय. आन् तू म्हंती, नुसतं."

फोन अजून केतकीच्या छातीशी होता. ती दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "त्याला काय सांगू?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. यजमान डोळे चोळत बाहेर आले. फोनने त्यांची झोप मोडली होती आणि आत्याबाईंच्या आवाजाने उरलीसुरली. "कसला वर्ग?" त्यांनी विचारलं.

मग मी सांगितलं. दोन आणि चार, इयत्ता, तेरावा मजला, फळ्यावरचे रकाने, सगळं. पिठाचे हात तसेच पुढे धरून. "एक वर्ष जास्त लागतंय," मी म्हटलं. "म्हणून सोडलं."

"आणि हे मला कधी सांगणार होतीस?"

"काय सांगू? अजून वर्षभर पहाटे उठाल का, असं विचारू?"

"हां. असंच विचारायचं."

"उठाल?"

"उठतोच आहे की," ते म्हणाले. "माझ्या बापाच्या गायी पण पहाटेच उठायच्या. फोन घे आधी, तो माणूस ताटकळलाय."

मी हात पदराला पुसून फोन घेतला. पण आविलाच आधी बोलले. "तुम्ही ठीक आहात ना?"

"ठीक आहे, सर."

"बरं. जागा मी आज कुणाला दिलेली नाही. पहिल्या दिवशी जो हजर नसेल त्याचं नाव कापतात, पण तुम्ही येते म्हणाला होतात. म्हटलं, काहीतरी घडलं असेल. बुधवारपर्यंत थांबतो. त्यापुढे मला थांबता यायचं नाही, मागची मुलं आहेत."

"बुधवारी येते, सर," मी म्हटलं. या वेळी ते इंग्रजीतही बरोबर म्हटलं, आय विल कम.

बुधवारी निघताना आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. मी चपला घातल्या, दप्तर घेतलं. केतकीचंच जुनं दप्तर होतं, त्यावर मासा काढलेला होता.

"येते, आत्याबाई."

"ये," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्या मास्तराला म्हणावं, लई चांगला हायेस."

प्रयोगशाळेत सगळी स्टुलं भरलेली होती, खिडकीशेजारचं एक सोडून. भिंतीला टेकून दोन मुलं उभी होती, जागा मिळते का बघायला आलेली. आविलांनी मला दारात बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि खडूने ते स्टूल दाखवलं. मी बसले. शेजारच्या पोराने माझ्या दप्तरावरच्या माशाकडे बघितलं आणि आपलं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. माझ्याकडे अजून पुस्तक नव्हतं.

भिंतीजवळच्या त्या मुलांपैकी एकाला वर्गाच्या शेवटी जागा मिळाली, कारण आणखी एक जण सोडून गेला. दुसऱ्याला मिळाली नाही. त्याचं मला कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

नाताळच्या आधी आविलांनी तो भाग शिकवला. माणूस झोक्यावर उभा राहिला की त्याचं वजन वर सरकतं, जणू झोक्याची दोरी आखूड होते, म्हणून झोका लवकर परत येतो. शिकवताना त्यांनी वर्गाला विचारलं, हे कुणी स्वतः बघितलंय का? आणि माझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही. मी हात वर केला.

ट्रान्स्फर होईपर्यंत दोन वर्षं गेली. आत्याबाई त्याआधीच परत गेल्या होत्या. विमानतळावर त्यांनी आम्हा तिघांना येते म्हणून सांगितलं आणि आम्ही तिघांनी या म्हटलं, आणि त्या दुसऱ्या वर्षी आल्याही. युनिव्हर्सिटीचं पत्र आलं, तेव्हा मी आविलांच्या खोलीत पेढे घेऊन गेले. फळ्यावर दुसऱ्याच कुणाचे रकाने होते.

त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. मी त्या सोमवारी वर्गाला येणार नव्हते. आमच्याकडे जाताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. मला फक्त निरोप घ्यायचा होता. तो शब्द मी त्यांना मराठीत म्हणून दाखवला. त्यांनी दोन-तीनदा घोकला.

"म्हणजे तुम्ही येणार नव्हतात," ते म्हणाले.

"नाही, सर."

"आणि मी तुमची जागा राखायला डीनशी वाद घातला."

"हे मला माहीत नव्हतं."

त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. "बरं झालं," ते म्हणाले, "मला तुमची भाषा येत नव्हती."

युनिव्हर्सिटीत मुलं मला शिकवणारी बाईच समजत, कारण मी जवळपास त्यांच्या आयांच्या वयाची होते. डिग्री झाली, एमएस झालं. दोन-तीन ठिकाणी शिकवलं. मग आमच्याच गावच्या कॉलेजात फिजिक्सची जागा निघाली, कारण आविलांना आता एकट्याने झेपत नव्हतं. मुलाखत घेणाऱ्यांत ते होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, नोकरी दिली तर याल का? बाकीच्यांना तो साधा प्रश्न वाटला.

आम्ही सात वर्षं एकाच कॉरिडॉरमध्ये काम केलं. मागच्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभ त्यांनी नको म्हटला. शेवटच्या दिवशी दुपारी खोली रिकामी करून, एक खोका काखेत मारून, ते माझ्या दाराशी आले. फिजिक्स चार आता माझ्याकडे आहे. माझ्या फळ्यावर एका पोरीचे रकाने होते, तीही दोन करून आली होती.

"आणखी एक?" ते म्हणाले.

"दरवर्षी एक तरी येतं."

मग त्यांनी खोका सावरला, दोन पावलं टाकली आणि मागे वळले.

"येते," ते म्हणाले.

पुरुषाने येतो म्हणायचं असतं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशीही नाही सांगितलं.

"या," मी म्हटलं.